सुनंदाबाई नऊपासून मोजतात

धुळ्यातल्या मुलींच्या त्या शाळेत सुनंदाबाई बिऱ्हाडे शिपाई म्हणून लागल्या, तेव्हा शाळेत दोनच गोष्टी नव्या होत्या. एक त्या स्वतः आणि दुसरा सरकारी योजनेतून आलेला टीव्ही. टीव्ही लाकडी कपाटात कुलूपबंद असायचा आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. शैक्षणिक कार्यक्रम लागला की कपाट उघडायचं, पोरी ओळीनं बसवायच्या, कार्यक्रम संपला की कुलूप लावायचं. एवढंच काम. पण अठ्ठ्याऐंशी साली सेऊलचं ऑलिम्पिक चालू असताना एका दुपारी बाई चालू टीव्हीची काच पुसायला गेल्या आणि काचेच्या आत एक बारकीशी पोर चार बोटं रुंदीच्या लाकडी पट्टीवर मागच्या मागं उलटली आणि परत त्याच पट्टीवर पायांवर उभी राहिली. चिमणी तारेवर बसावी इतकी सहज.

बाई फडकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मधल्या सुटीनंतरची घंटा त्या दिवशी सात मिनिटं उशिरा झाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं होतं की जिम्नॅस्टिक्समध्ये रशियाच्या मुलीनं रुमानियाच्या मुलीला पंचवीस हजारांश गुणांनी मागं टाकलं. बाई पेपर घेऊन गणिताच्या मॅडमकडं गेल्या. मॅडमनी समजावून सांगितलं, एका गुणाचे हजार तुकडे करायचे, त्यातले पंचवीस तुकडे एकीकडं जास्त.

"पण ते तुकडे करतं कोण?" बाईंनी विचारलं.

गणिताच्या मॅडमना ते माहीत नव्हतं. त्यांनी बाईंना पितांबर सरांकडं पाठवलं. पितांबर सर शाळेचे खेळाचे शिक्षक. शिट्टी गळ्यात, पान गालात.

"पंच करतात," सर म्हणाले.

"कशावरून करतात?"

"नियमावरून."

"नियम कुठं असतात?"

"पुस्तकात असतात बाई. इंग्रजी पुस्तक असतं मोठं. तुला काय करायचंय? मैदानावर पाणी मारलं का?"

मैदानावर पाणी मारून झालं होतं. बाईंचं कोणतंही काम कधी राहिलेलं नसायचं, म्हणून तर त्यांना प्रश्न विचारायला वेळ असायचा.

इथून पुढं दोन वर्षं बाईंनी पत्रं लिहिली. दिल्लीला लिहिलं, मुंबईला लिहिलं, पेपरच्या क्रीडा विभागाला लिहिलं. बाईंचे वडील साक्रीकडचे शेतमजूर. कागद वाचल्याशिवाय त्यावर अंगठा उठवायचा नाही आणि पोरगी असली तरी तिला वाचता आलं पाहिजे, या दोन गोष्टींवर ते हट्टाला पेटायचे. त्यांची लेक दुसऱ्या फटक्यात का होईना, दहावी झाली होती आणि कागदाला भीत नव्हती. चौदा पत्रांपैकी एकाच पत्राला उत्तर आलं. पुण्याला निर्मलाताई म्हणून एक पंच होत्या. त्यांनी लिहिलं, "नियम मागणारं पत्र मला आयुष्यात पहिल्यांदाच आलं. लोक सही मागतात." सोबत जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स होती.

पुस्तक इंग्रजीत. बाईंनी शब्दकोश घेतला आणि एक दोनशे पानी रजिस्टर घेतलं. रोज शाळा सुटल्यावर खोल्या झाडून झाल्या की अर्धा तास, आठवड्याला अर्धं पान. गुडघा वाकला तर इतके दशांश, पावलं जुळली नाहीत तर इतके, खाली पडली तर सरळ अर्धा गुण. घोडा, दांड्या, बीम म्हणजे ती लाकडी पट्टी आणि फ्लोअर म्हणजे मोकळी जमीन, चारी प्रकारांचे चार कप्पे केले. मराठी शब्द सापडला नाही की पुस्तकातलं चित्र तसंच्या तसं काढायच्या. काडीचं डोकं, काडीचे हातपाय. नवरा यादव एसटीत वाहक होता. त्यानं एकदा रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "हाई काय, मुंग्यास्नी जत्रा शे का?"

बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकच्या वर्षी घरात टीव्ही आला. सकाळी आदल्या दिवसाचे ठळक भाग दाखवायचे. सासू भागाबाई डाळ निवडता निवडता बघायच्या.

"पडनी का व ती?"

"नही पडनी. पाय हालना."

"मंग?"

"एक दशांश गया."

"इतलासा पाय हालना तर लगेच कापतस? पंच शेतस का कसाई?"

पण चार दिवसांत भागाबाईंचीच नजर बसली. यादव जेवायला बसला की त्याला थापलेली भाकर उलटसुलट करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "कड फाटनी. दोन दशांश." सून हसायची. घरात तो एक खेळच झाला होता.

त्या सगळ्या खेळात बाईंचा जीव खरा कशावर असेल तर अनिवार्य संचावर. तेव्हा स्पर्धेत दोन भाग असायचे. पहिल्या भागात जगातल्या साऱ्या मुलींनी एकच, आधीपासून ठरवून दिलेला संच करायचा. तीच उडी, तीच गिरकी, त्याच क्रमानं. दुसऱ्या भागात जिला जे येतं ते तिनं दाखवायचं. लोकांना दुसरा भाग आवडायचा. टीव्हीवाले पहिला भाग दाखवायचेच नाहीत, दाखवला तरी मिनिटभर. बाई त्या मिनिटासाठी बसून राहायच्या. "मनपसंत काम कोणीबी चांगलं करतं," त्या म्हणायच्या. "सगळ्यांना सारखंच काम दिल्यावर कोण नीट करतं ते बघा. तिथं लपायला जागा नाही." अनिवार्य संचाच्या कपाती त्यांना पाढ्यासारख्या पाठ होत्या. पितांबर सरांनी एकदा सहज विचारलं तर बाईंनी हातातला झाडू न थांबवता बीमच्या सतरा कपाती सांगितल्या. सरांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "तुझं काही खरं नाही."

शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर जिल्ह्याची शालेय स्पर्धा त्यांच्याच शाळेच्या हॉलमध्ये भरली. टेबलाशी चार पंच, चौघेही खेळाचे शिक्षक, त्यांत पितांबर सर. बाई ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन मागं उभ्या. यजमान शाळेची एक मुलगी बीमवरून पडली, परत चढली, गोड हसून संच पुरा केला. मग साक्रीकडची एक मुलगी आली. काळीसावळी, हसणं माहीत नाही, पण पाय एकदाही हलला नाही. गुण लागले. पडलेलीला आठ पूर्णांक चार, न पडलेलीला आठ पूर्णांक एक.

"सर," बाई मागून म्हणाल्या, "त्या पहिलीच्या पडण्याचा अर्धा गुण कापायचा राहिला."

चौघांनी माना वळवल्या. पितांबर सरांची मान सगळ्यात उशिरा वळली, कारण त्यांना कळलं होतं.

त्यांच्या शेजारचे मास्तर म्हणाले, "बाई, चहा आणा."

बाईंनी चहा आणला. कुणाच्या कपात साखर जास्त, कुणाच्यात कमी, हे त्यांना ठाऊक होतं, त्यात चूक केली नाही. पण साक्रीची मुलगी दप्तर आवरून बसस्टँडकडं निघाली ती बाईंनी फाटकातून शेवटपर्यंत बघितली. घरी गेल्यावर यादवला एवढंच सांगितलं, "मी त्या टेबलवर बसनार शे."

"चहा लिसन?" त्यानं ट्रे धरल्यासारखे हात केले.

"नही. पेन लिसन."

टेबलावर बसायचं तर पंच परीक्षा द्यावी लागायची. ती पुढच्या जूनमध्ये जळगावला होणार होती, धुळे आणि जळगाव दोन्ही जिल्ह्यांची मिळून. बाई अर्ज घेऊन मुख्याध्यापिकांसमोर उभ्या राहिल्या. संस्थाप्रमुखाची सही लागत होती.

"सुनंदा, तिथं सगळे शिक्षक असतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तू कुठं बसशील त्यांच्यात?"

"मॅडम, वय अठरा पूर्ण, दहावी उत्तीर्ण, एवढंच मागितलंय. हुद्द्याचा रकानाच नाही अर्जात. बघा."

मॅडमनी अर्ज उलटून पालटून बघितला. रकाना खरंच नव्हता. त्यांनी सही केली आणि वर म्हणाल्या, "नापास झालीस तर शाळेचं नाव सांगू नको."

आता बाईंच्या मनात शंका म्हणून नव्हती. रजिस्टर भरत आलं होतं, सहा वर्षांचं काम. मार्चमध्ये निर्मलाताईंचं पाकीट आलं. उघडलं तर आत नवी पानं आणि एक चिठ्ठी. "एक जानेवारीपासून नवे नियम लागू झालेत. तुमची परीक्षा यावरच होईल. बरंच बदललंय. एक गोष्ट वाचून तुम्हाला वाईट वाटेल."

ती गोष्ट तिसऱ्या पानावर होती. अनिवार्य संच रद्द. इथून पुढं जगात कुठंच ते व्हायचे नव्हते. आणखीही होतं. मोठ्या स्पर्धेला मुलीचं वय पंधरा चालायचं, ते सोळा झालं होतं. कितीतरी उड्यांच्या किमती उतरल्या होत्या. पूर्वी साधा, काही चूक नसलेला संच नऊ पूर्णांक चारपासून मोजायला घ्यायचे आणि अवघड कसरतींची भर घालत दहापर्यंत न्यायचे. आता सुरुवातच नऊपासून.

बाईंनी त्या संध्याकाळी भांडी घासली ती शेजारच्या आळीत ऐकू गेली. भागाबाई बाहेर आल्या.

"काय व्हयनं व? कोन पडनी?"

"कोनी नही पडनी आत्या. खेळच बदलना."

"मंग तू बी बदल. रडस कसाले?"

बाई रडत नव्हत्या, पण तसं सांगायला थांबल्या नाहीत. हात पुसले, यादवच्या तिकिटांच्या पेटीशेजारी ठेवलेलं कोरं रजिस्टर काढलं आणि पहिल्या पानावर तारीख घातली. परीक्षेला एक्क्याऐंशी दिवस होते. सहा वर्षांचं काम एक्क्याऐंशी दिवसांत करायचं, तर आठवड्याला अर्धं पान पुरणार नव्हतं, रोज सव्वादोन पानं लागणार होती. त्या सव्वादोन पानं करायला लागल्या. मे महिन्यात धुळ्याचं ऊन असं की पत्र्याखाली पेनातली शाई पातळ व्हायची. बाई ओलं फडकं डोक्यावर ठेवून लिहायच्या. अनिवार्य संचासाठी नव्या रजिस्टरात त्यांनी जागाच ठेवली नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी पहाटेच्या बसनं त्या जळगावला निघाल्या. पितांबर सरही त्याच बसमध्ये होते. त्यांनाही परीक्षा द्यायची होती, कारण जुन्या पंचांची मुदत संपली होती. पारोळ्याला बस थांबली तेव्हा सरांनी खिडकीतून दोन चहा घेतले आणि एक बाईंपुढं धरला.

"नवं काही आलंय म्हणतात," सर म्हणाले.

"आलंय. पानं आहेत माझ्याकडं. दाखवू?"

"राहू दे आता. आयत्या वेळी डोकं फिरतं."

परीक्षा घेणार होते अभिमन आबा. जळगावातल्या निम्म्या खेळाडूंना त्यांनी हात धरून उडी मारायला शिकवलं होतं. सत्तरीचे, पांढरं धोतर, पायांत कॅनव्हासचे बूट. मनाचे सरळ. तेवीस उमेदवारांत शिक्षक नसलेल्या बाई एकट्याच. आबांनी हजेरी घेताना हुद्दा विचारला आणि बाई "शिपाई" म्हणाल्या तेव्हा मागं कोणीतरी खाकरलं. आबांनी चष्म्यावरून त्या दिशेला बघितलं आणि म्हणाले, "पाणी पिऊन यावं ज्याला खोकला आहे त्यानं."

प्रश्नपत्रिका हातात आली. वर छापलं होतं, दि. १ जानेवारी १९९७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार. खाली पहिला प्रश्न, गुण वीस: अनिवार्य संचातील कपातीचे नियम सविस्तर लिहा.

बाईंनी प्रश्न दोनदा वाचला. मग वरची ओळ वाचली. मग परत प्रश्न. आजूबाजूला बावीस पेनं सुरू झाली होती. हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणाला सगळ्यात चांगला येत असेल तर तो बाईंना. बोटं नुसती वळवळत होती. सतरा कपाती बीमच्या, चौदा दांड्यांच्या. वीसपैकी वीस. आणि हे संच रद्द झालेत, हेही त्या हॉलमध्ये फक्त त्यांनाच माहीत होतं.

पाच मिनिटं त्यांनी काही लिहिलं नाही. मग एक ओळ लिहिली. "१ जानेवारी १९९७ पासून अनिवार्य संच रद्द झाले आहेत, नवे पुस्तक, पान तीन." आणि दुसऱ्या प्रश्नाला लागल्या.

दुपारी प्रात्यक्षिक झालं. चोपड्याच्या एका शाळेची मुलगी, गुलाब नावाची, फ्लोअरवर साधा संच करून दाखवणार आणि सगळ्यांनी गुण लिहायचे. गुलाबनं छान केला. एक पाऊल उतरताना घसरलं, एक गुडघा वाकला. बावीस जणांनी नऊ पूर्णांक चारमधून वजा केलं, आबांनीही. बाईंनी नऊमधून केलं. कपात सगळ्यांची जवळपास सारखीच होती, पण बाईंचा आकडा चार दशांशांनी खाली पडला.

संध्याकाळी निकाल वाचला. बावीस पास. सुनंदा बिऱ्हाडे नापास.

बाई टेबलाशी गेल्या. "आबा, जयभीम. माझं काय चुकलं ते कळेल का?"

आबांनी पेपर काढला. "बाई, वीस गुणांचा प्रश्न तुम्ही एका ओळीत संपवला. आणि प्रात्यक्षिकात सुरुवातच चुकली. एरवी पेपर चांगला आहे. अक्षर तर फार चांगलं."

बाईंनी पिशवीतून पानं काढून टेबलावर ठेवली. आबांनी ती हातात घेतली, दोन-तीन उलटली, मान हलवली.

"असेल. खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडं परिपत्रक आलेलं नाही. परिपत्रक येईपर्यंत जळगाव-धुळ्याला जुनाच नियम."

"वर प्रश्नपत्रिकेवर जानेवारी लिहिलंय आबा."

"ते राज्य संघटनेनं छापून पाठवलंय. प्रश्न मी काढले." आबांनी पानं नीट जुळवून परत केली. "पुढच्या वर्षी बसा."

परतीच्या बसमध्ये पितांबर सर बाईंच्या शेजारी बसले. एरंडोल गेल्यावर म्हणाले, "तो प्रश्न तुला येत होता. मला झाडू मारत सांगितलं होतंस ना."

"येत होता."

"मग दोन पानं खरडायची होती. पास झाली असतीस. काय बिघडलं असतं?"

"पास होऊन मी टेबलावर बसले असते सर. साक्रीची ती पोर परत आली असती, आणि मीच तिला चुकीचं मोजलं असतं. मग त्या दिवशी तुम्ही केलं ते आणि मी केलं ते, फरक काय?"

सरांनी काढलेलं पान परत डबीत ठेवलं. धुळं येईपर्यंत त्यांनी पान खाल्लं नाही.

पुढचे दोन दिवस बाईंनी काही केलं नाही. आबा वाईट माणूस असता तर पत्र लिहायला एक रात्रही लागली नसती. तिसऱ्या दिवशी त्यांनी राज्य संघटनेला अर्ज लिहिला. तक्रार म्हणून एक शब्द नाही. प्रश्नपत्रिकेवर अशी तारीख आहे, नव्या पुस्तकाच्या अमक्या पानावर असं आहे, माझं उत्तर असं आहे, यात चूक कुठं ती कळवावी. यादवनं पाकीट हातात तोललं.

"बावीस मास्तर पास व्हयनात. त्यास्ना पोटवर पाय कसाले देस?"

"पाय नही देत. मी फक्त पान धाडस."

महिन्याभरात उत्तर आलं. ते बाईंना एकटीला नाही, तेवीस जणांना आलं. परीक्षा रद्द. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी फेरपरीक्षा, परीक्षक बाहेरचे, नियम नवे.

मग जे व्हायचं ते झालं. शाळेच्या फोनवर शिरपूरहून एक मास्तर बोलले ते मुख्याध्यापिकांना कानापासून लांब धरून ऐकावं लागलं. पाचोऱ्याच्या एकानं पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर नाव नव्हतं आणि जे होतं ते वाचण्यासारखं नव्हतं. बाईंनी ते वाचलं आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका सोडून दिल्या. पितांबर सर व्हरांड्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शाळेत मास्तर पोरांना नापास करतात. आमच्या शिपायानं बावीस मास्तर नापास केले."

बाई फळा पुसत होत्या. "नापास नाही सर. अजून पेपर व्हायचाय."

"पेपर व्हायचाय हे खरं," सर आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "पण नवं पुस्तक कुणाकडं आहे?"

पुस्तक दोन्ही जिल्ह्यांत एकाच माणसाकडं होतं, आणि मराठीत तर एकाच रजिस्टरात. बाईंनी फडकं खाली ठेवलं.

"रविवारी सकाळी आठला या. हॉलची किल्ली माझ्याकडं असते. कुणाला यायचं असेल त्याला आणा. उशीर चालणार नाही, दहाला मला पाण्याची टाकी भरायची असते."

पहिल्या रविवारी चौघे आले आणि मुलींच्या बाकांवर गुडघे वर करून बसले. दुसऱ्या रविवारी अकरा. बाई व्यासपीठावर चढल्या नाहीत, खालीच फळ्याच्या बाजूला उभं राहून शिकवायच्या. पाठ नसलं की सरळ सांगायच्या, पाठ नाही, बघून सांगते. शिरपूरच्या मास्तरांनी एकदा "ए बाई, ते परत" म्हटलं. बाई थांबल्या आणि खडू हातात घेऊन त्यांच्याकडं बघत राहिल्या. वर्गही थांबला. मास्तरांनी घसा साफ केला. "सुनंदाबाई, तेवढं परत सांगता का?" बाईंनी लगेच सांगितलं, दोनदा सांगितलं.

तिसऱ्या रविवारी दारात कॅनव्हासचे बूट दिसले. अभिमन आबा जळगावहून पहिल्या बसनं आले होते. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. आबांनी हातानं बसा म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन टेकले.

"परिपत्रक सापडलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फेब्रुवारीतच आलं होतं. कबड्डीच्या परिपत्रकांच्या गठ्ठ्यात बांधलं गेलं. बांधलं मीच. चालू द्या बाई."

दहा वाजता वर्ग सुटला. आबा बसूनच होते. पिशवीतून त्यांनी त्यांची जुनी झेरॉक्स काढली, कोपरे झिजलेली, समासात पेन्सिलीनं लिहून लिहून काळी झालेली. सोबत एक लाल पेन.

"यातलं काय काय मेलं ते सांगा. मी काट मारतो."

दोघं समोरासमोर बसले. बाई सांगत होत्या, आबा काट मारत होते. अनिवार्य संचाची पानं आली तशा बाई थांबल्या.

"हे सगळंच," त्या म्हणाल्या. "इथून तिथपर्यंत. तुम्ही मारा."

आबांनी पेन टेकवलं आणि उचललं. "पितांबर सांगत होता, तुम्हाला हे पाठ होतं. आवडायचं."

"अजून आवडतं."

"मलापण," आबा म्हणाले. "तीस वर्षं हेच शिकवलं पोरींना. परिपत्रक आलं नाही म्हणालो तेव्हा आत कुठंतरी बरंच वाटलं होतं मला. गठ्ठे नीट बघितले नाहीत ते त्याच्यामुळंसुद्धा असेल." त्यांनी पानावर आडवी रेघ ओढली. पुढच्या पानावर ओढली. अकरा पानं होती. बाईंनी एकेक पान उलटून दिलं.

फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये जळगावलाच झाली. परीक्षक म्हणून पुण्याहून निर्मलाताई आल्या होत्या. सात वर्षांच्या पत्रांनंतर दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा बघितलं. ताईंनी मान डोलावली आणि पेपर वाटायला घेतले. पेपरवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. प्रात्यक्षिकाला पुन्हा चोपड्याची गुलाबच होती, या वेळी बीमवर. आबा या खेपेला परीक्षक नव्हते, पण घरी राहवलं नाही म्हणून भिंतीकडच्या खुर्चीवर येऊन बसले होते.

चार वाजता निकाल लागला. तेवीसांपैकी एकोणीस पास. पितांबर सर पास झाले, सत्तावन्न. शिरपूरचे मास्तर पास झाले, एकसष्ट. सगळ्यात वरचा क्रमांक नऊ, ब्याण्णव गुण. यादी बघून ताईंनी नाव वाचलं, सुनंदा यादव बिऱ्हाडे.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. पितांबर सर म्हणाले, "चला, सहाची बस मिळेल," आणि पिशव्या उचलल्या गेल्या. पण बाई टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ताई, आठ गुण कुठं गेले?"

"अहो, पहिल्या आलात तुम्ही," निर्मलाताई हसल्या.

"आले. पण आठ गेलेत, ते कुठले?"

ताईंनी पेपर काढला. तीन गुण लेखीत, एका जुन्या उडीची जुनीच किंमत लिहिली गेली होती. बाईंनी ओठ चावला. पाच प्रात्यक्षिकात.

"इथं बघा. उलट्या उडीनंतर गुडघा वाकला, त्याचे तुम्ही तीन दशांश कापलेत. तो एक दशांशाचा होता. पुढच्या गिरकीतही तसंच. तुम्ही जास्त कापता."

"गुडघा वाकला होता ताई."

"वाकला होता, पण थोडा. थोडा किती आणि फार किती, ते पुस्तकात काडीच्या चित्रानं कळत नाही. तिथं डोळा लागतो."

बाईंनी वळून बघितलं. गुलाब हॉलच्या कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होती.

"बेटा, दमलीस का? दोन मिनिटं चढशील परत?"

गुलाबनं बूट काढून टाकले. बाईंनी पदर खोचला आणि बीमच्या कडेला उकिडव्या बसल्या, डोळे मुलीच्या गुडघ्याच्या रेषेत. निर्मलाताई खुर्ची सोडून त्यांच्या मागं येऊन वाकल्या. दारातले मास्तर पिशव्या घेऊन तिथंच थांबले. पितांबर सरांनी घड्याळ बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"वाकव," बाई म्हणाल्या. "थोडा. बस, धर तसाच. ताई, हे किती?"

"एक."

"अजून वाकव. आता?"

"दोन."

"आता?"

"आता तीन."

भिंतीकडून आबा खुर्ची ओढत जवळ आले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि गुडघ्यावर वही उघडली.

"परत पहिल्यापासून घे गं पोरी," बाई म्हणाल्या. "आणि सावकाश. या मास्तरांनाही बघू दे."